केदारनाथच्या वाटेसाठी रोजचा हवामान अंदाज: पाहायचा कधी, वाचायचा कसा, थांबायचं केव्हा

पेरणीआधीच्या मोकळ्या महिन्यात विदर्भातल्या गावागावांतून चारधामचे जत्थे निघतात. प्रत्येकाच्या मोबाइलवर हवामान दिसतं आणि तरी चूक ठरलेली असते. केदारनाथची पायवाट सुरू होते त्या गौरीकुंडात सकाळी कोणीतरी फोन काढतो. त्यावर सूर्य, त्याच्याआड छोटासा ढग आणि खाली २१ अंश. घरी पंचेचाळीस सोडून आलेल्या माणसाला हे काहीच वाटत नाही. चहा-नाश्ता होतो, दर्शनाच्या गप्पा होतात आणि दहाला चढण सुरू होते. दुपारी तीनच्या सुमारास लिंचोलीच्या चढावर गारा पडू लागतात. स्वेटर पिशवीत सगळ्यात खाली, पिशवी घोड्यावर आणि घोडा केव्हाच पुढे निघून गेलेला.

फोनमधला अंदाज खोटा नव्हता, पण तो दुसऱ्या उंचीचा होता आणि दुसऱ्या वेळेचा होता. डोंगरातला अंदाज गावाच्या नावानं वाचला की फसतो. कोणत्या उंचीवर आणि कोणत्या तासाला, हे दोन प्रश्न धरून वाचला तर तो बऱ्यापैकी खरा उतरतो. खाली केदारनाथची वाट धरून क्रमानं सांगतो. बद्रीनाथ, गंगोत्री, यमुनोत्री, हेमकुंड साहिबलाही पद्धत हीच, फक्त उंचीचे आकडे बदला.

## टप्पा १: तिकीट काढतानाच राखीव दिवस धरा

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. साठ दिवसांनंतरचं हवामान जगातलं कोणतंही केंद्र सांगू शकत नाही. तीन दिवसांपर्यंतच्या अंदाजावर काम करता येतं, पाच दिवसांच्या अंदाजावर तयारी करता येते आणि आठवड्यापलीकडे फक्त कल समजतो. म्हणजे तारीख ठरते तेव्हा हवामानाची काहीच माहिती हाताशी नसते. यावर उपाय एकच: किमान दोन दिवस मोकळे ठेवा.

दोनच का? मे महिन्यात तिथलं हवामान बहुतेक वेळा पश्चिमी विक्षोभामुळे बिघडतं. आपल्या संत्रा पट्ट्यात हिवाळ्यात गारपिटीच्या बातम्या येतात, तेव्हा ज्या पश्चिमी झंझावाताचं नाव ऐकतो, तोच हा. तो साधारण एक ते तीन दिवस त्रास देऊन पुढे सरकतो. दोन दिवस थांबायची सोय असलेल्या जत्थ्याला बहुतेक वेळा उघडीप मिळते. ज्याची सोय नाही तो पावसातच चढतो.

इशारा: राखीव दिवस दिल्ली-हरिद्वारच्या बाजारासाठी ठेवू नका. ते गुप्तकाशी किंवा सोनप्रयागच्या मुक्कामाला जोडा. ट्रॅव्हल्सवाल्याशी बोलणं करतानाच जादा मुक्कामाचे पैसे ठरवून कागदावर घ्या. ऐनवेळी ड्रायव्हर ‘पुढचं बुकिंग आहे’ म्हणाला की हवामानाचा निर्णय तुमच्या हातात राहत नाही.

## टप्पा २: घरूनच एक कागद तयार करून न्या

जत्थ्यात अंदाज पाहणारा माणूस एकच असावा आणि त्याच्या जोडीला एक मदतनीस. वीस जण वीस ॲप पाहतात तेव्हा शेवटी सगळ्यात चांगलं चित्र दाखवणाऱ्याचं ऐकलं जातं. गावातला शिकलेला पोरगा किंवा पोरगी यासाठी चालते, पण त्याच्या शब्दाला मान द्यायचं वडीलधाऱ्यांनी निघण्याआधी सगळ्यांसमोर कबूल करावं.

कागदावर तीन रकाने आखा: ठिकाण, उंची, जिल्हा.

- गुप्तकाशी: सुमारे १,३२० मीटर, रुद्रप्रयाग जिल्हा
- गौरीकुंड: सुमारे १,९८० मीटर, रुद्रप्रयाग जिल्हा
- केदारनाथ: सुमारे ३,५८० मीटर, रुद्रप्रयाग जिल्हा
- बद्रीनाथ: सुमारे ३,१०० मीटर, चमोली जिल्हा
- गंगोत्री: सुमारे ३,१०० मीटर, उत्तरकाशी जिल्हा
- यमुनोत्री: सुमारे ३,२९० मीटर, उत्तरकाशी जिल्हा

तुलनेसाठी नागपूर साधारण ३१० मीटरवर आहे. नकाशात नागपूरहून सरळ उत्तरेला रेघ ओढली तर ती जवळजवळ केदारनाथलाच भिडते, दोघांचं रेखांश ७९ अंशांच्या जरासं पुढे. म्हणजे मध्यान्ह दोन्हीकडे एकाच वेळी होते. फरक आहे तो उंचीचा, तब्बल सव्वातीन किलोमीटरचा.

जिल्ह्याचा रकाना विसरू नका. सरकारी इशारे जिल्ह्यावार निघतात. ‘उत्तराखंडात पाऊस’ एवढ्या बातमीवरून तुमच्या वाटेबद्दल काहीच कळत नाही.

फोनमध्ये तीन ॲप घरूनच टाकून घ्या: हवामान खात्याचं ‘मौसम’, विजांसाठी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’. वर रेंज कुठे येते, कुठे जात राहते. थंडीत बॅटरीही झपाट्यानं उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचा.

निघण्याआधीचा सराव: आपल्याकडे शिकायची उत्तम जागा आहे, परतवाडा आणि चिखलदरा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर, परतवाडा त्याच्या खाली साधारण साडेसातशे मीटर. आठवडाभर रोज दोन्ही ठिकाणचा अंदाज लिहा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षातलं तापमान त्यासमोर टाका. दुपारी दोघांत चार-पाच अंशांचा फरक दिसेल. तो का दिसतो हे टप्पा ४ मध्ये येईल, पण हात आधी बसला पाहिजे.

## टप्पा ३: कोणता अंदाज कधी पाहायचा

क्रम मोठ्याकडून छोट्याकडे. उलटा केला की गोंधळ होतो.

पाच दिवस आधी: देहरादूनच्या हवामान केंद्राचे जिल्हावार इशारे. चार रंग असतात. हिरव्यात इशारा नाही, पिवळ्यात लक्ष ठेवा, नारिंगीत तयारीत राहा, लालमध्ये तातडीनं कृती करा. नागपूरचं केंद्र विदर्भाचा अंदाज देतं, उत्तराखंडचा देहरादूनचंच केंद्र देतं. मराठी वाहिनीवरचा ‘राज्यात पुढील तीन दिवस’ हा अंदाज तिथे काही कामाचा नाही.

आदल्या दिवशी दुपारनंतर: देहरादूनचं रोजचं हिंदी पत्रक. सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या.

आदल्या संध्याकाळी: तासावार आलेख दाखवणारं एखादं संकेतस्थळ किंवा ॲप, ज्यात उंची निवडता येते किंवा निदान नावाशेजारी छापलेली असते. उंची न दाखवणाऱ्या ॲपवर विसंबू नका.

चालताना: तीन तासांपुरता असलेला तत्काळ इशारा आणि ‘दामिनी’.

सगळ्यांची गल्लत होते ती पत्रकाच्या तारखेत. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. १२ तारखेच्या रकान्यातला इशारा १३ तारखेच्या सकाळी ८.३० पर्यंत लागू असतो. तुम्ही १३ ला पहाटे पाचला चालू लागणार असाल तर पहिले साडेतीन तास १२ च्या रकान्यात आहेत आणि उरलेली चढण १३ च्या. दोन्ही रकाने वाचा. काही परदेशी संकेतस्थळं जागतिक प्रमाणवेळ दाखवतात, तिच्यात साडेपाच तास मिळवा. तिथे सकाळचे ६ दिसले तर आपले साडेअकरा झालेले असतात.

## टप्पा ४: उंचीचा हिशेब

वर चढताना हवा विरळ होते, पसरते आणि थंड होते. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. बोटांवर करता येईल असा हिशेब आहे.

गुप्तकाशीत दुपारी २२ अंश दाखवत असेल तर केदारनाथ त्याच्या वर सुमारे सव्वादोन हजार मीटर. सव्वादोन गुणिले साडेसहा म्हणजे जवळपास पंधरा. बावीसातून पंधरा गेले, उरले सात. हे दुपारचं झालं. सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात पारा आणखी खाली येतो, आणि मे महिन्यातही रात्री तो शून्याच्या आसपास जातो.

स्वच्छ आभाळाच्या रात्री हा हिशेब थोडा चुकतो, कारण गार हवा जड होऊन दरीत साचते. रात्रीसाठी हिशेबातून आलेल्या आकड्याहून कमीच धरा.

मग ॲप चुकीचं का दाखवतं? संगणकावरचा अंदाज जमिनीचे चौकोन पाडून काढला जातो. हवामान खात्याची मे २०२५ पासून वापरात आलेली भारत पूर्वानुमान प्रणालीही सहा किलोमीटरचे चौकोन धरते आणि जगात ती बारीक समजली जाते. दर्यापूरच्या सपाट काळ्या रानात सहा किलोमीटरच्या चौकोनात सगळीकडे एकच उंची असते, म्हणून तिथला अंदाज शेजारच्या गावालाही लागू पडतो. केदारनाथला मंदिर साडेतीन हजार मीटरवर आणि पाठीशी उभं केदारनाथ शिखर ६,९४० मीटर. अशा चौकोनातली उंची सरासरीची असते. त्या उंचीवर कोणी राहत नाही आणि कोणी चालतही नाही.

तपासणी: ॲपमध्ये ‘केदारनाथ’ लिहिल्यावर शेजारी किती मीटर दिसतात ते पाहा. ३,५०० च्या आसपास असेल तर आकडा घ्या. दोन हजार किंवा साडेचार हजार असेल तर फरक काढून साडेसहाच्या हिशेबानं दुरुस्त करा. फोननं स्वतःहून जवळचं शहर म्हणून रुद्रप्रयाग धरलं असेल तर ते हजार मीटरच्या आतलं, खोल दरीतलं शहर आहे. तिथलं तापमान वरच्यासाठी तसंच वापरू नका.

इथेच पत्रकातली एक ओळ नीट वाचायची. देहरादूनच्या पत्रकात वारंवार येतं: ‘३५०० मीटर व उससे अधिक ऊंचाई वाले स्थानों पर बर्फबारी’. लोक म्हणतात, हे शिखरांबद्दल असेल. केदारनाथ ३,५८० मीटरवर आहे, म्हणजे ही ओळ मंदिराच्या अंगणाबद्दल आहे. ३,५०० ऐवजी ३,००० लिहिलं असेल तर बद्रीनाथ, गंगोत्री, यमुनोत्री सगळीच त्यात आली.

आणि सगळ्यात वाईट हवामान कोरड्या बर्फाचं नसतं, शून्य ते तीन अंशांतल्या पावसाचं असतं. बर्फ अंगावरून झटकता येतो. बर्फमिश्रित पाऊस कपड्यांत मुरतो.

## टप्पा ५: पावसाचे आकडे आणि शब्द

पत्रकातल्या पावसाच्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी असतात: किती ठिकाणी आणि किती जोरात. आपण त्या एकत्र करून टाकतो.

किती ठिकाणी: ‘कहीं-कहीं’ म्हणजे जिल्ह्यातल्या पाव भागापर्यंत, आपल्याकडचं तुरळक ठिकाणी. ‘कुछ स्थानों पर’ म्हणजे अर्ध्या भागापर्यंत. ‘अनेक स्थानों पर’ म्हणजे पाऊण भागापर्यंत. ‘अधिकांश स्थानों पर’ म्हणजे जवळपास सगळीकडे.

किती जोरात: २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, त्यापुढे ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून भारी, ११५.६ पासून अति भारी आणि २०४.५ पासून अत्यंत भारी.

आता ‘कहीं-कहीं भारी वर्षा’ वाचा. गावाकडची सवय सांगते, तुरळक आहे, आपल्या शिवारात कशाला येईल. पण या वाक्याचा अर्थ, जिथे पडेल तिथे ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडू शकतो आणि ती जागा आधी सांगता येत नाही. सोळा किलोमीटरची वाट एका अरुंद दरीतून जाते. त्यात कुठेही तो पाऊस पडला तरी वाट अडते, मग तुमच्या डोक्यावर एक थेंबही न पडो.

आकड्यांचीही गल्लत होते. वीस मिलिमीटर म्हणजे आपल्या कपाशीला आनंदाचा पाऊस, झडीसारखा दिवसभर झिरपला तर काळी माती तो गटकन पिऊन घेते. तिथल्या दगडी उतारावर हेच वीस मिलिमीटर अर्ध्या तासात आले तर प्रत्येक घळीतून गढूळ पाणी धावतं आणि सोबत धोंडे येतात. २४ तासांच्या बेरजेत हे दिसत नाही. म्हणून पत्रकात ‘तीव्र बौछार’ हे शब्द शोधा. ते असतील तर बेरीज छोटी असली तरी दिवस जोखमीचा धरा.

ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर. ती नेमकी कुठे होणार हे कोणताही अंदाज सांगत नाही. ३१ जुलै २०२४ च्या रात्री याच वाटेवर अतिवृष्टीनं रस्ता जागोजागी तुटला आणि हजारो यात्रेकरूंना हेलिकॉप्टरनं आणि पायी बाहेर काढावं लागलं. पावसाळ्यातली यात्रा टाळा असं मी स्पष्ट सांगेन. शेतीच्या कामातून जूनच्या आधी जमलं नाही तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते भाऊबीजेच्या आत जा. भाऊबीजेला केदारनाथचे कपाट, म्हणजे मंदिराचे दरवाजे, बंद होतात. तेव्हा थंडी जास्त, पण आभाळ बरंच भरवशाचं.

इशारा: पत्रकात मान्सूनची हालचाल आणि पश्चिमी विक्षोभ दोन्ही एकाच वेळी दिसले तर जत्था गुप्तकाशीच्याही खाली ठेवा. जून २०१३ मध्ये १६ आणि १७ तारखेला केदारनाथला हाहाकार झाला, तेव्हा लवकर पोहोचलेला मान्सून आणि पश्चिमेकडून आलेली प्रणाली एकमेकांना भिडली होती. मंदिराच्या वरचा चोराबारी तलाव फुटला तो त्याच पावसात.

टक्क्यांबद्दल थोडक्यात. ॲपमधले ४० टक्के म्हणजे पाऊस येण्याची शक्यता, पावसाचा जोर नव्हे. डोंगरात दुपारी बारा ते सहामधल्या तासांसमोर ओळीनं तीस-चाळीस टक्के दिसत असतील तर पाऊस येणार असंच धरून चाला.

## टप्पा ६: तासांचा आलेख

दिवसाचं एकच चित्र दाखवणारा अंदाज डोंगरात निरुपयोगी. मे-जूनमध्ये तिथला दिवस दोन तुकड्यांत असतो. पहाटेपासून साधारण अकरापर्यंत आभाळ स्वच्छ, शिखरं लख्ख. ऊन उतारांवर पडतं, उतार तापतात, दरीतली दमट हवा वर चढू लागते आणि दुपारी बारा-एकनंतर तिचेच ढग होतात. दोन ते पाचमध्ये गडगडाट, गारा, झोंबरा वारा. संध्याकाळी पुन्हा निवळतं.

म्हणून सकाळच्या लख्ख उन्हाचा काही भरवसा नाही. नेमकं इथेच जत्थ्यात वाद होतो.

‘काहून थांबाचं? ऊन तं पडलं हाये.’

‘काकाजी, हे ऊन सकायचं हाये. आपल्याले वर पोचाचं हाये दुपारी.’

वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करा. तासांचा आलेख घेऊन त्यावर चालण्याचे टप्पे लिहा: गौरीकुंड पहाटे ५, भीमबली (७ किलोमीटर) ९ च्या आत, लिंचोली (११ किलोमीटर) साडेअकराच्या आत. मग प्रत्येक टप्प्यासमोर त्या तासाचा पाऊस, वारा, तापमान. निघायला तीन तास उशीर झाला की लिंचोलीनंतरची उघडी चढण कोणत्या तासांत पडते, हे कोणालाही बोटानं दाखवता येतं.

## टप्पा ७: वारा आणि ओल

शून्य अंशाला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला उणे सहासारखं लागतं. उणे पाचला तोच वारा उणे तेरासारखा. पत्रकात ‘झोंकेदार हवाएं ४०-५० किमी’ असेल तर तापमानाचा आकडा बाजूला ठेवा आणि कान, हात, छाती झाकायची तयारी करा.

ओल त्याहून घातक. आपल्या वयस्क मायबहिणी सुती लुगडं नेसून चालतात. काठ एकदा भिजला की ओल पिंडरीवर, मग गुडघ्यापर्यंत चढते आणि कापड पायाला चिकटून राहतं. सुती कापड भिजल्यावर ऊब धरत नाही, उलट काढून घेतं. लुगड्याच्या आत लोकरी किंवा जाड पायजमा आणि वरून गुडघ्याखाली जाणारा जाड रेनकोट घाला. वाटेवर मिळणारा पातळ प्लास्टिकचा रेनकोट वाऱ्यात बगलेतून फाटतो. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर असावा, घोड्यावर नको.

तपासणी: कोणी थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल, गुंडी लावता येत नसेल तर तिथेच थांबा, आडोसा शोधा, ओले कपडे काढा, कोरडे घाला. थरथर थांबली आणि माणूस सुस्तावला तर ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हे, लगेच वैद्यकीय मदत केंद्र गाठा. साडेतीन हजार मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. अशा वेळी ‘थोडं चालू, अंग गरम होईल’ हा सल्ला देऊ नका.

## टप्पा ८: निर्णय, आधी रात्री आणि मग पहाटे

रात्री आठला कागद भरा, निर्णय सांगा. पहाटे चारला इशारे पुन्हा पाहा. पहाटे निर्णय फक्त कडक करता येतो, सैल करता येत नाही. रात्री ‘थांबायचं’ ठरलं असेल तर पहाटेच्या चांदण्याला भुलून निघू नका.

माझा नियम असा. प्रशासनानं यात्रा थांबवली असेल तर तो हुकूम अर्थातच याच्या वर.

- लाल: कोणीही हलायचं नाही, गाडीनंसुद्धा. नदीकाठची खोली असेल तर वरच्या बाजूला जा.
- नारिंगी: गौरीकुंडाच्या वर जायचं नाही. आधीच केदारनाथला असाल तर पक्क्या खोलीत थांबा, उतरायची घाई नको.
- पिवळा: पहाटे पाचलाच निघायचं. दुपारी बारापर्यंत लिंचोली गाठली नसेल तर पुढची चढण त्या दिवशी सोडा आणि जवळचा मुक्काम धरा. लिंचोलीत मुक्कामाची सोय असते.
- हिरवा: तरीही पहाटे पाचच.

पिवळ्याला किरकोळ समजू नका. रंग ठरवताना घटनेची शक्यता आणि तिचा परिणाम दोन्ही मोजतात, आणि सत्तरीच्या माणसावर गारांच्या अर्ध्या तासाचा परिणाम तरण्या पोरासारखा होत नाही. जत्थ्याचा निर्णय सगळ्यात अशक्त माणसाकडे पाहून घ्यायचा.

हेलिकॉप्टरचं तिकीट हवामानावरचं औषध नाही. फाटा, सिरसी, गुप्तकाशीहून उडणारी हेलिकॉप्टरं दरी नजरेला स्वच्छ दिसली तरच उडावीत अशी असतात. पायलट नाही म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.

## टप्पा ९: वाटेवर आभाळ वाचताना

गावात आभाळ भरून आलं की दूरवरून दिसतं, माणूस बैल सोडून घरी पोहोचतो. दरीत वर आभाळाची फक्त पट्टी दिसते. ढग कड्यामागे वाढतो आणि दिसतो तेव्हा डोक्यावर असतो. म्हणून दर तासाला थांबून या खुणा पाहा:

- शिखरांवर कापसासारखे पांढरे ढग दहाच्या आतच उभे वाढू लागले तर पाऊस लवकर येणार. वेग वाढवण्यापेक्षा पुढचा आडोसा कुठे आहे ते विचारून घ्या.
- दरीतून वर येणारा मंद वारा अचानक फिरला आणि वरून गार झोत आला तर पाऊस मिनिटांवर आहे.
- वाटेशेजारच्या मंदाकिनी नदीचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा वाढलं तर वर कुठेतरी जोरात पडलं आहे. तुमच्याकडे ऊन असलं तरी काठ सोडून वरच्या बाजूला व्हा. उलट पाणी अचानक कमी झालं तरी तेच करा, वर कुठेतरी दरड पडून प्रवाह अडला असू शकतो.
- वीज दिसल्यावर गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर. मोजणी तीसच्या आत आली की पक्की खोली गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. वाटेच्या कडेचे लोखंडी कठडे धरून उभं राहू नका, एकट्या झाडाखाली जाऊ नका.

## टप्पा १०: उतरण आणि परतीचा रस्ता

दर्शन झालं की अंदाज पाहणं बंद होतं. खरं तर दरडी पाऊस थांबल्यावरही पडत राहतात, कारण मुरलेलं पाणी उताराला आतून सैल करतं. म्हणून उतरायच्या दिवशी पुढच्या अंदाजासोबत मागच्या २४ तासांत किती पडला तेही पाहा. मध्यम किंवा त्याहून जास्त पडला असेल तर पहाटेच निघण्याची घाई करू नका. उजेड पडू द्या, वरून येणाऱ्या घोडेवाल्यांना वाट विचारा, मग निघा.

गाडीत बसल्यावर जिल्हे बदलत जातात: रुद्रप्रयाग, मग पौडी, टिहरी, देहरादून. चारही जिल्ह्यांचे इशारे पाहा. श्रीनगर-रुद्रप्रयागमधलं सिरोबगड हे दरडींचं जुनं ठिकाण आहे, तिथे रस्ता खुला असल्याची खात्री करूनच पुढे निघा. डोंगरी रस्त्याचा प्रवास दिवसा उजेडीच करा आणि दुपारच्या पावसाआधी जितका उरकेल तितका उरका. हरिद्वारहून परतीची गाडी असेल तर डोंगर उतरण्याचा दिवस आणि गाडीचा दिवस यांत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. तो टप्पा १ मधल्या दोन दिवसांत धरलेला नाही, वेगळा काढायचा आहे.